वाचलं-पाहिलं : कुंभकोणमची यमुना

दर महिन्याला या पानावर मी वाचलेल्या पुस्तकांची आणि पाहिलेल्या सिनेमांची हजेरी घेते. कोणता सिनेमा घरात सगळ्यांनी मिळून पाहावा, कोणता मुलं झोपल्यावर, कोणतं पुस्तक विकत घ्यावं आणि कोणतं वाचनालयातून आणलं तरी चालेल, एवढाच या सदराचा उद्योग. या महिन्यात मात्र सगळी यादी एकाच गावाभोवती गोळा झाली. ते गाव म्हणजे तामिळनाडूतलं कुंभकोणम.

उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि मधे देवळंच देवळं, असं हे गाव. दर बारा वर्षांनी इथल्या महामहम तलावावर कुंभमेळ्यासारखी गर्दी लोटते. मागचा महामहम २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. एरवी गाव शांत. पितळी भांड्यांची दुकानं, विड्याच्या पानांच्या चळती आणि डबरा-टंबलरमधून उंचावरून ओतलेली फेसाळ डिग्री कॉफी. तंजावर इथून चाळीसेक किलोमीटरवर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापन केली आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करेपर्यंत ती गादी भोसल्यांकडे होती. राजाबरोबर कारकून आले, पुरोहित आले, कीर्तनकार, शिपाई, आचारी आले. राज्य गेलं, माणसं राहिली.

त्यांतल्याच एका घराच्या माडीवर माझा मुक्काम होता. खालच्या मजल्यावर आजी एकट्या. वय ऐंशीच्या पुढे, मुलं-नातवंडं चेन्नईला आणि परदेशात. आजींची मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली आणि वाटेत तमिळ चाल शिकलेली मराठी. कानाला सरावायला दोन दिवस लागले. मग मात्र आमची रोजची बैठक ठरून गेली. संध्याकाळी साडेसहाला आजी ओसरीवर खुर्ची टाकायच्या, हातात पुस्तक घ्यायच्या आणि तमिळमधलं एकेक पान मला मराठीत सांगायच्या.

मोहाचा काटा

आजींनी निवडलेलं पुस्तक होतं ‘मोगमुळ्’. शब्दशः अर्थ मोहाचा काटा. लेखक टी. जानकीरामन (१९२१-१९८२). तंजावर जिल्ह्यातच जन्मलेले, आकाशवाणीत नोकरी केलेले, कर्नाटक संगीताचे जाणकार. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७९ मध्ये मिळाला, तो कथांसाठी. तमिळ वाचक मात्र त्यांचं नाव या कादंबरीशीच जोडतो. पन्नाशीच्या दशकात ‘स्वदेशमित्रन्’मध्ये ती क्रमशः प्रसिद्ध झाली, नंतर पुस्तकरूपात आली. साप्ताहिकाच्या पानांवर जन्मलेली कादंबरी घराघरांत कशी जाते, ते आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

गोष्ट कुंभकोणमला शिकायला आलेल्या बाबू नावाच्या तरुणाची. गाणं शिकावं ही त्याची आणि त्याच्या वडिलांची इच्छा. रंगण्णा नावाचे गुरू भेटतात. तरुण वयातल्या सगळ्या ओढाताणी त्याच्या वाट्याला येतात. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध असते यमुना. त्याच्याहून वयानं बरीच मोठी, लहानपणापासून त्याला देवीसारखी वाटणारी. यमुनेचे वडील तमिळ ब्राह्मण, सुब्रमण्य अय्यर नावाचे जमीनदार. आई पार्वती, तंजावरची मराठा, त्यांची दुसरी बायको.

इथेच मी आजींना थांबवलं. तमिळ साहित्यातल्या एका सर्वांत गाजलेल्या कादंबरीची नायिका अर्धी मराठी आहे, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

आणि ही अर्धी मराठी असणं कादंबरीत शोभेपुरतं नाही. यमुनेच्या सगळ्या दुःखाची गाठ तिथेच आहे. मुलगी देखणी, घरंदाज, बोलायला नेमकी. बघायला येणारे येतात, खाऊन-पिऊन जातात, आणि मग नकार येतो. वडिलांच्या जातीतल्यांना आईची जात खुपते. आईच्या बाजूच्यांना वडिलांची. वडील गेल्यावर त्यांच्या पहिल्या घरातून मदत आटते आणि दागिने, भांडी करत करत घरातलं एकेक विकलं जातं. वर्षं उलटतात. बाबू तिला मागणी घालतो, तेव्हा ती नाही म्हणते. त्या नकाराला आणि पुढच्या कैक वर्षांच्या वाट पाहण्याला जानकीरामन यांनी जे रूप दिलंय, ते थोडक्यात सांगून त्याची चव घालवत नाही.

त्या रात्री आजी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू? तिचं स्थळ आमच्या घरी आलं असतं, तर आमच्या वडिलांनीही नाहीच म्हटलं असतं. आम्ही मराठी म्हणवतो. पण ती आमच्यातली नव्हती.”

मराठी माणसाच्या तोंडून यमुनेबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आपण ‘आपली माणसं’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या आत किती भिंती असतात, ते एका वाक्यात कळलं. मराठी म्हणून तमिळ घरात नको, मिश्र म्हणून मराठी घरात नको. तंजावरला मराठे येऊन अडीचशेच्या वर वर्षं झाल्यावरही त्या मुलीला कुणी ‘ही आमची’ म्हणायला तयार नव्हतं. कादंबरीतला एकटा बाबू म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यातही मोहाचा काटा आहेच.

थोडक्यात : प्रौढांसाठी. शेजारच्या म्हाताऱ्याची तरुण बायको तंगम्मा हिचं प्रकरण वाचून काही घरांत भुवया उंचावतील. त्या वर चढू द्याव्यात आणि पुढे वाचावं. तमिळ जाणणारी मैत्रीण असेल तर तिला कॉफी पाजून वाचून घ्यावं. मराठीच्या प्रकाशकांनी तर हे पुस्तक दारात येऊन बसलेल्या पाहुण्यासारखं मानावं.

पडद्यावरची यमुना

कादंबरीवरचा सिनेमा १९९५ मध्ये आला. नाव तेच, ‘मोगमुळ्’. दिग्दर्शक ज्ञान राजशेखरन हे सनदी अधिकारी, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. संगीत इळैयराजांचं. रंगण्णांच्या भूमिकेत नेडुमुडी वेणू. आणि यमुना कोण? आपली अर्चना जोगळेकर.

‘निवडुंग’ (१९८९) आठवत असेल त्यांना हा चेहरा वेगळा सांगायला नको. मराठी आईच्या मुलीसाठी दिग्दर्शकानं मराठी मुलगी निवडली आणि निवड सोन्यासारखी ठरली. अर्चना जोगळेकर कथक नर्तकी आहेत. नर्तकीला चालताना, बसताना, मान वळवताना किती बोलता येतं, ते इथे दिसतं. बघायला आलेल्या मंडळींसमोर मान खाली घालून बसणारी मुलगी आणि काही वर्षांनी त्याच घरात सरळ बाबूच्या डोळ्यांत बघणारी बाई, या दोघींमधलं अंतर त्यांनी फार कमी संवादांत पार केलंय.

सिनेमाचा दोष एकच. कादंबरी बाबूच्या मनात शिरते, तिथली उलघाल पडद्यावर येत नाही आणि मग बाबू कधी कधी नुसता खिन्न तरुण वाटतो. काही प्रसंग रेंगाळतात. मी पाहिलेली प्रत रंग उडालेली होती. आजी शेजारी बसून संवाद सांगत होत्या म्हणून निभावलं. मधेच त्या म्हणाल्या, “ही मुलगी मराठी आहे ना? मग ठीक आहे.” काय ठीक आहे ते मी विचारलं नाही.

थोडक्यात : मुलं झोपल्यावर पाहावा. गाण्यांसाठी पुन्हा एकदा पाहावा.

गावचा दिवाण

यमुनेच्या नेमक्या उलट नशीब घेऊन याच गावात एक मराठी मूल जन्मलं. साल १८२८. नाव माधवराव. पुढे जग त्यांना सर टी. माधवराव म्हणून ओळखू लागलं. हा ‘टी’ तंजावरचा. देशस्थ मराठी घराणं, वडील आणि चुलते दोघंही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. माधवराव मद्रासला इंग्रजी शिकले आणि मग तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. त्रावणकोर १८५७ ते १८७२, त्यानंतर इंदूर, आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोदे.

बडोद्यात त्यांच्यावर जबाबदारी होती ती नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक आणलेल्या बारा वर्षांच्या मुलाची. तोच पुढचा सयाजीराव गायकवाड. मुलगा मोठा होऊन राज्यकारभार हाती घेण्याच्या बेताला आला, तेव्हा १८८१ मध्ये माधवरावांनी त्याला राज्य कसं करावं यावर व्याख्यानं दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावानं ती छापली गेली. राहुल सागर यांनी २०२२ मध्ये ती नव्यानं संपादित करून ‘द प्रोग्रेसिव्ह महाराजा’ या नावानं आणली, प्रस्तावनेसह. या महिन्यात मी ती वाचली.

जुन्या दिवाणाचा उपदेश म्हणजे जांभया येणार अशी कुणाची समजूत असेल तर ती पहिल्या काही पानांतच दूर होईल. राजवाड्याचा खर्च किती असावा, माणसं कशी निवडावीत, खुशमस्कऱ्यांना कसं ओळखावं, कायद्यापुढे राजानंही का वाकावं, असे विषय. सगळं शांतपणे, मुद्देसूद, घरातल्या वडीलधाऱ्यानं वयात आलेल्या मुलाला समोर बसवून सांगावं तसं. सयाजीरावांनी पुढे १९०६ मध्ये राज्यभर मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. त्यांच्या कर्तृत्वाचं सगळं श्रेय एका दिवाणाला देता येणार नाही, पण पाया कुणी घातला हे वाचताना लक्षात येतं.

याच माधवरावांनी राजा रविवर्म्याला सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे, तर त्यांच्या छापील प्रती काढा. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरातली कमळावर उभी लक्ष्मी आणि वीणाधारी सरस्वती तिथून आली. म्हणजे त्या तसबिरींच्या मुळाशी कुंभकोणमच्या एका मराठी माणसाचा सल्ला आहे.

आजींना मी हे उत्साहानं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. “मोठे होते ते,” म्हणाल्या. “त्यांना सगळीकडून बोलावणं आलं. पुरुष, शिकलेला, मोठ्या घरचा. त्यांना कोण विचारणार, तू कुठला म्हणून?” पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे वाक्य नाही, पण ‘मोगमुळ्’च्या शेजारी ठेवून ही व्याख्यानं वाचली की तेच मनात येत राहतं. गाव एक, भाषा एक. एकाला तीन दरबार, एकीला एक घर नाही.

थोडक्यात : स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी जरूर वाचावं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण अवघड नाही.

दोन रामानुजन, एक जानकी

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक बसकं, कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन इथे वाढला. शास्त्र विद्यापीठानं २००३ पासून ते घर जपलंय आणि कुणालाही आत जाऊन पाहता येतं. रस्त्याच्या टोकाला देवळाचं अवाढव्य गोपूर आणि खाली इतकीशी खोली, हे दृश्य मनातून जात नाही. गावचं कॉलेज कावेरीकाठी. त्याला दक्षिणेचं केंब्रिज म्हणत. त्या केंब्रिजनं रामानुजनची शिष्यवृत्ती काढून घेतली, कारण गणित सोडून बाकी विषयांत तो नापास झाला. खऱ्या केंब्रिजनं त्याला १९१४ मध्ये बोलावून घेतलं आणि १९१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. महाराष्ट्राचा एक लहानसा धागाही आहे. त्याचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये ज्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं.

त्याच्यावरचे दोन सिनेमे ओळीनं दोन रात्री पाहिले. पहिला ‘रामानुजन’ (२०१४), तमिळ आणि इंग्रजीत. दिग्दर्शक पुन्हा ज्ञान राजशेखरनच. यमुनेनंतर एकोणीस वर्षांनी ते याच गावाच्या गोष्टीकडे वळले. यात रामानुजनचं बालपण आहे, घरातली ओढग्रस्त आहे, आणि सुहासिनीनं साकारलेली आई कोमलतम्माळ आहे. मुलावर जीव ओवाळून टाकणारी आणि सुनेला दारापलीकडे ठेवणारी. सिनेमा लांबला आहे, पण घराचा वास त्यात आहे.

दुसरा ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५). रॉबर्ट कानिगेल यांच्या १९९१ सालच्या त्याच नावाच्या चरित्रावर बेतलेला. देव पटेल रामानुजन, जेरेमी आयर्न्स प्राध्यापक हार्डी. जेरेमी आयर्न्ससाठी हा सिनेमा पाहावाच. भावना दाखवायला लाजणारा माणूस मैत्रीला हळूहळू कसा शिकतो, ते त्यांनी सुरेख दाखवलंय. आईच्या भूमिकेत अरुंधती नाग आहेत आणि पत्नी जानकीच्या भूमिकेत अमेरिकेत वाढलेली देविका भिसे. पुन्हा एक मराठी मुलगी! मात्र कुंभकोणम इथे जवळजवळ नाहीच. शिवाय जानकी पडद्यावर जाणती तरुणी आहे. प्रत्यक्षात १९०९ मध्ये लग्न झालं, तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि नवरा बोटीवर चढला तेव्हा पंधरा-एक वर्षांची पोर.

दोन्ही सिनेमे १९२० मध्ये रामानुजन बत्तिसाव्या वर्षी गेला तिथे संपतात. आजींनी विचारलं, “आणि त्या मुलीचं काय झालं?”

त्या मुलीचं असं झालं. विशीच्या उंबरठ्यावर विधवा झालेली जानकी काही वर्षं मुंबईत भावाकडे राहिली. तिथे शिवणकाम शिकली. मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिवणाच्या यंत्रावर तिनं स्वतःचा संसार उभा केला. एका मैत्रिणीचा पोरका मुलगा वाढवला, शिकवला. नवऱ्याचा पुतळा उभारण्याचं आश्वासन मिळालं होतं, तो झालाच नाही, अशी खंत तिनं १९८१ मध्ये एका मुलाखतीत बोलून दाखवली. ती वाचून अमेरिकेतले गणिती रिचर्ड आस्की यांनी जगभरच्या गणितज्ञांकडून वर्गणी जमवली, शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांच्याकडून अर्धपुतळा घडवून घेतला आणि तिच्या घरी पोचवला. जानकी अम्माळ १९९४ मध्ये वारल्या. म्हणजे नवऱ्यामागे चौऱ्याहत्तर वर्षं. बत्तीस वर्षांच्या आयुष्यावर दोन सिनेमे झाले. या चौऱ्याहत्तर वर्षांवर एक तरी व्हायला हवा. शिवणाच्या यंत्राचा आवाज हेच त्याचं पार्श्वसंगीत.

थोडक्यात : दोन्ही सिनेमे मुलांबरोबर पाहावेत, आधी तमिळ, मग इंग्रजी. गणिताची धास्ती असलेल्यांनीही कानिगेल यांचं चरित्र वाचावं. गणिताची पानं सोडली तरी माणूस हाती लागतो.

घोडे, तलवारी आणि वंशावळ

महिन्यात एखादा तरी सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला पाहिजे. म्हणून मणिरत्नम यांचा ‘पोन्नियिन सेल्वन’, दोन्ही भाग (२०२२ आणि २०२३). मूळ कादंबरी कल्की यांची, १९५० ते १९५४ या काळात त्यांच्या ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आलेली. हीसुद्धा साप्ताहिकाचीच लेक. पोन्नी म्हणजे कावेरी, आणि तिचा पुत्र म्हणजे पुढचा राजराज चोळ. त्यातलं पळैयारै हे राजधानीचं गाव कुंभकोणमपासून अगदी जवळ आहे. आज ते साधं खेडं आहे, भातशेतीच्या मधोमध. राजकन्या कुंदवैचा महाल तिथे शोधायला जाऊ नये. त्याऐवजी वाटेवरच्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर देवळात दोन तास काढावेत. बाराव्या शतकातलं हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या जोत्यावर वीतभर उंचीच्या शिल्पांत शैव संतांच्या कथा कोरल्यात. सिनेमाच्या पडद्यापेक्षा त्या मला जास्त बोलक्या वाटल्या.

थोडक्यात : हिंदीतही पाहता येतो. नावांचा गोंधळ उडतो, तेव्हा आधी कागदावर चोळांची वंशावळ काढून भिंतीला चिकटवावी. आमच्याकडे ते काम शेजारच्या सहावीतल्या मुलीनं केलं आणि सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण केलं.

ऐकलं तेही

सदराच्या नावात ‘ऐकलं’ नाही, तरी हे सांगायलाच हवं. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे. दक्षिणेतल्या भजन-संप्रदायाचे आद्य आचार्य बोधेंद्र स्वामी यांची समाधीही त्याच गावात. या संप्रदायाच्या भजनात संस्कृत, तेलुगू, कन्नड, तमिळ, हिंदी पदांच्या रांगेत आपल्या संतांचे अभंगही असतात. एकादशीला आजींबरोबर एका घरी भजनाला गेले. गाणारी वीसेक माणसं, त्यांत मराठी जाणणाऱ्या फक्त आजी. बाकी सगळे तमिळ. पण एकाचाही अभंग अडला नाही. टाळ वाजत होते आणि तुकोबा, नामदेव शुद्ध तमिळ सुरात येत होते.

घरी बसून ही चव घ्यायची तर अरुणा साईराम यांचे अभंग ऐकावेत. त्या जन्मानं मुंबईकर. कर्नाटक संगीताच्या मैफलीत अभंगाला मानाची जागा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ‘मोगमुळ्’ वाचून झाल्यावर तो आवाज ऐकताना वाटलं, विठोबाच्या बाबतीत ‘घरचा की बाहेरचा’ हा प्रश्न इथे कुणी विचारलेला दिसत नाही. यमुनेच्या बाबतीत तेवढा सगळ्यांना सुचला.

शेवटची वही

आता महिन्यातलं सर्वांत चांगलं वाचन. ते कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

आजींकडे एक वही आहे. त्यांच्या सासूबाईंनी सुरू केलेली, पुढे त्यांनी चालवलेली. पाककृती, सणांचे नैवेद्य, घरातल्या जन्म-मृत्यूच्या तिथी, दोन-चार ओव्या, लहान मुलांच्या पोटदुखीवरचे उपाय. भाषा सगळी मराठी, लिपी मात्र तमिळ. तंजावरकडच्या कित्येक मराठी घरांत असंच लिहितात, कारण शाळा तमिळ. आणि तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. त्यामुळे वहीत कढी, गडी आणि घडी हे तिन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. वाचणाऱ्याला मराठी येत असेल तरच कळतं की ताक घुसळायचं आहे, गड्याला हाक मारायची आहे की पातळाची घडी घालायची आहे.

आजींच्या नातवाला तमिळ उत्तम येतं. वही हातात दिली तर तो घडाघडा वाचेल, आणि त्याला त्यातलं काहीच कळणार नाही. मला मराठी येतं, पण वहीतलं एक अक्षर लागत नाही. दोन्ही एकत्र येतं अशा घरात फक्त आजी. हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, भाजी निवडता निवडता.

मग शेवटचे नऊ दिवस आम्ही ‘मोगमुळ्’ बाजूला ठेवलं. आजी वाचायच्या, मी देवनागरीत उतरवून घ्यायची. डांगर-पच्चडीपासून सुरुवात केली. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, इतकी सोपी. चव आपल्या डांगराच्या ओळखीची, हिंग थोडा जास्त. एकूण त्रेचाळीस पाककृती झाल्या, सगळ्या तिथी झाल्या. एका पानावर एका बाईचं नाव आणि तिथी होती, पण नातं लिहिलेलं नव्हतं. ही कोण, असं मी विचारलं. आजींनी चष्मा काढून पुसला. “सासऱ्यांच्या भावाची दुसरी. घरात घेतली नव्हती कधी. पण सासूबाई तिच्या तिथीला पान वाढायच्या. मागल्या दारी.” आणि मग म्हणाल्या, “लिही तू. नातं पण लिही.” मी ‘धाकटी जाऊ’ असं लिहिलं. आजींनी ते दोनदा वाचून दाखवायला सांगितलं.

नकलेची एक प्रत आजींच्या कपाटात आहे, एक नातवाला पाठवली आहे. त्याला देवनागरी हिंदीपुरती येते, तेवढी पुरेल.

थोडक्यात : तुमच्या घरात अशी वही असेल, मोडीतली, कानडी लिपीतली, गिचमिड पेन्सिलीतली, तर या दिवाळीच्या सुट्टीत ती लिहिणारी व्यक्ती किंवा वाचू शकणारी व्यक्ती गाठा आणि शेजारी बसून उतरवून घ्या. ज्या नावापुढे नातं लिहिलेलं नसेल, ते जरूर विचारा. आमच्याकडे पत्र पाठवलंत तर वाचायला आवडेल. पाककृती आल्या तर स्वयंपाकाचं पान सांभाळणाऱ्या सहकारी करून बघतील आणि चाखायला मी आहेच.

पुढच्या महिन्यात : तीन नवे दिवाळी अंक, एक जुना रहस्यपट आणि मुलांसाठी पक्ष्यांवरचं एक देखणं पुस्तक.